जंतूचं कूळ आणि सोनाआत्याचं नाव

सगळ्यात आधी सोनाआत्याचं नाव लिहितो. मला काय झालं ते मागून सांगतो. सोनाआत्या माझ्या वडलांची धाकटी बहीण. ती नसती तर हा पेन धरायला माझी बोटं राहिली नसती. दुसरं नाव सलीमभाईंचं. ते आमच्या भागात मोटारसायकलवर फिरून कुष्ठरोगाचे पेशंट शोधतात. सरकारी माणूस, पण सात वेळा आमच्या दारात येऊन बोलणी खाऊन गेले आणि तरी आठव्यांदा आले. या दोघांचे उपकार आधी लिहिले म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल, कारण पुढं जे आहे त्यात माझी काही शोभा नाही.

नावं सगळी बदललेली आहेत, ही दोन्ही पण. आमचं गाव पेडगावच्या बाजूचं, एवढंच सांगतो.

मी सातवीपर्यंत शिकलो. आमचं घर मेंढरांचं. दसरा झाला की कळप घेऊन रानोरान जायचं, शेतकऱ्यांच्या वावरात मेंढरं बसवायची. त्यांना खत मिळतं, आम्हाला धान्य. त्यात शाळा कुठं टिकते. आता मी घरापासून लय लांब, कुष्ठरोगाच्या एका दवाखान्यात आहे. परभणीहून दोन रेल्वे आणि एक बस लागते. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकली होती, त्यांचं ऑपरेशन झालं. व्यायाम घेणाऱ्या ताई म्हणाल्या, रोज एक पान लिहा, हात मोकळा होईल. आधी नुसत्या रेघा मारल्या. मग त्याच म्हणाल्या, रेघा कशाला मारताय, वॉर्डात नवीन माणूस आला की चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडतो, त्याला वाचायला होईल असं काही लिहा की. म्हणून हे.

डाग

उजव्या कोपराखाली फिकट चट्टा आला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आई म्हणाली, शिबं असंल. लिंबू चोळलं. वर्षभरात तो तळहाताएवढा झाला. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कुणाला त्याची फिकीर नव्हती. नवीन लोकांनी हे ध्यानात ठेवा. दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका.

आमच्यात मेंढराला आणि माणसाला इलाज एकच, डाग. मेंढरू लंगडलं की विळा तापवायचा आणि सांध्यावर टेकवायचा. कातरणीचे दिवस होते. लोकर कातरायला चार पाहुणे आले होते. आबांनी चुलीत विळा लाल केला. आबा म्हणजे माझे वडील. दोघं मला धरायला उठले. मी म्हटलं, धरू नका. आबांनी विळा टेकवला. चर्र झालं, केस जळाल्याचा वास आला. मला काहीच कळलं नाही. मी हसत होतो.

"बघा रे," आबा पाहुण्यांना म्हणाले, "उं केलं न्हाई माझ्या वाघानं!"

"छाती लागती आबा," एक पाहुणा म्हणाला. "आमचं पोरगं सुई बघितली की कडब्यात लपतंय."

सगळे हसले. मला लय भारी वाटलं. पलीकडं सोनाआत्या कोकरांना बाभळीचा पाला घालत होती. ती तेवढी हसली नाही. माझ्या हाताकडं बघत राहिली.

आत्याला तरुणपणी हाच आजार झाला होता. मी जन्मायच्या आधी तिचा इलाज पूर्ण झाला, पण तोवर दोन्ही हातांची बोटं वाकली ती वाकलीच. सासरच्यांनी परत आणून सोडली. तेव्हापासून ती आमच्याकडं, वाड्याला लागून असलेल्या पत्र्याच्या छपरात. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची काट्याच्या कुंपणाची जागा. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. भाकरी वरून टाकायची. दुधाच्या भांड्याला तिनं शिवायचं नाही. कोकरं मात्र तिनंच सांभाळायची. कोकरांना कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला छपरात बोलावलं.

"किसना, डोळे मीट."

"काय करायलीस?"

"मीट म्हणलं की मीट की."

मी मिटले. "आता शिवलं की बोट दाखव," ती म्हणाली. मी वाट बघत बसलो.

"अगं, शिव की मग."

"चारदा शिवलं, बापू."

डोळे उघडले तर तिच्या वाकड्या बोटांत लोकरीची बट होती आणि ती माझ्या चट्ट्यावरच टेकलेली होती. मला दिसत होती, लागत नव्हती.

"उद्या परभणीला चल माझ्यासंगं. मला व्हतं तसलंच हाय हे."

मी ताडकन उठलो. "तुझं मला लावू नको, आत्या."

त्यानंतर तीन महिने मी तिच्याशी बोललो नाही. ती रोज भाकरी घ्यायला आली की माझ्या हाताकडं बघायची आणि मी हात पाठीमागं घ्यायचो.

परभणीचा दिवस

पुढच्या कातरणीला करंगळी वाकायला लागली. कात्री निसटायची. एके दिवशी मेंढरू खाली धरून कातरताना पांढऱ्या लोकरीवर रक्त दिसलं. मला वाटलं मेंढरू कापलं. मी लोकर बाजूला करून जखम शोधत बसलो. पोट बघितलं, मांडी बघितली, आचळ बघितलं. जखम माझ्या अंगठ्याखाली होती, बोटाचं एक पेर जाईल एवढी. त्या दिवशी मी स्वतःच आत्याच्या छपरात गेलो. तिनं मांडीवरचं कोकरू खाली सोडलं. उठून लुगडं झाडलं.

ऑटोवाल्यानं तिला मागं पोत्यांशेजारी बसवलं. मी पुढं बसलो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दवाखान्यात सलीमभाईंनी कापसानं, पेनाच्या टोकानं तपासलं. कोपराची शीर दाबून बघितली तेव्हा मी ओरडलो. मग त्यांनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि खांद्यावर हात ठेवला. त्या हातानंच मला कळलं.

"कुष्ठरोग हाय, भाई. घाबरायचं न्हाई. गोळ्यांनी जातो. गोळ्या फुकट हायत. तू फक्त सोडायच्या न्हाईत."

माझ्या कानात फक्त पहिला शब्द गेला. डोळ्यापुढं ते पत्र्याचं छप्पर आलं आणि त्यात मी बसलेला दिसलो.

"घरात आणखी कुणाला?" सलीमभाईंनी कागद पुढं ओढला.

आत्या दाराशी उभी होती. मी तिच्याकडं हात केला. "हिला. हिच्यामुळंच झालंय मला."

बाकावरची माणसं सरकली. आत्यानं पदर सारखा केला.

"व्हय साहेब. मला व्हता. पोरगं खरं बोलायलंय."

"बाई, तुमचा कोर्स पुरा झाला का?"

तिनं कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. घड्यांवर फाटलेलं. सलीमभाईंनी ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "हिच्याकडून न्हाई आलं तुला. कोर्स पुरा झाला की पसरत न्हाई. तू पण गोळ्या सुरू केल्या की तुझ्याकडून भीती न्हाई. हे घरी सांग. समजलं? घरी सांग."

मी मान हलवली.

घरी सांगितलं नाही. आजार झालाय एवढं सांगितलं. कुणामुळं, असं अण्णानं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो आणि छपराकडं बघितलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. एवढं बघणं त्याला पुरलं.

आत्या गेली

चौथ्या दिवशी अण्णानं टेम्पो आणला. चुडाव्याला आत्याची एक मावसबहीण होती, तिच्याकडं सोडायचं ठरलं. आई म्हणाली, "अहो, रक्ताची हाय तुमच्या." आबा वाड्याच्या काट्या नीट करत होते. वर न बघता म्हणाले, "पोरगं जास्त हाय का बहीण?"

आत्याचं सामान म्हणजे एक गोधडी, ताट, तांब्या. टेम्पोत चढायला कुणी हात दिला नाही. चढल्यावर ती आईला म्हणाली, "पांढऱ्या कोकराला मेंढीचं दूध पुरंना झालंय. त्याला वरचं पाज, वैनी. बाटली कोमट कर."

मी दहा हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. सलीमभाईंनी शिकवलेलं, तयार वाक्य. टेम्पो निघून गेला.

मावसबहिणीनं तिला आठ दिवस ठेवलं. मग ती एकटीच रेल्वेत बसली. कुठं गेली ते आम्ही विचारलं नाही.

गोळ्या

पहिल्या डोसाला लघवी लाल झाली, मला वाटलं मेलो. सलीमभाईंनी हे आधी सांगितलं होतं, पण भ्यालेल्या माणसाला सांगितलेलं आठवत नाही. दोन-तीन महिन्यांत कातडी काळपट पडली. गावात लोक म्हणायचे, उन्हानं करपलास की रे. मी हो म्हणायचो.

मग एकदा हात सुजला, शीर ठणकायला लागली, ताप आला. जंतू मरताना अंग असं भडकतं कधी कधी, डॉक्टर म्हणाले. परभणीला बारा दिवस ठेवलं. सकाळी गोळी, कोमट पाण्यात हात, तेल, पट्टी, पुन्हा गोळी. अण्णा एक दिवसाआड डबा आणायचा आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा. आत यायचा नाही. बाहेरून म्हणायचा, "बरं हाय का? मेंढरं सेलूकडं नेलीत." एवढं बोलून जायचा. त्याला दोन लेकरं आहेत. मी त्याला दोष देत नाही. पण तो फाटकाबाहेर जाईपर्यंत मी डबा उघडायचो नाही.

त्या वॉर्डात एक कामवाली मावशी होती. ती चहाचा कप माझ्या हातात द्यायची, आणि कप मी नीट धरलाय का बघायला माझी बोटं स्वतःच्या हातानं कपाभोवती मिटवायची. गरम कळत नव्हतं म्हणून फडकं गुंडाळून द्यायची. घरच्या कुणी मला शिवून तेव्हा चार महिने झाले होते. त्या चहासाठी मी सकाळपासून दाराकडं बघत असायचो.

कूळ

त्याच दिवसांत बाहेरगावाहून एक डॉक्टर मॅडम आल्या. वयानं फार मोठ्या नव्हत्या, पण आवाज मास्तरणीचा. आमच्या भागातल्या पेशंटांच्या कातडीतले जंतू घेऊन त्या त्यांची कुळं लावत होत्या. मला म्हणाल्या, "सगळे जंतू एक नसतात. पिढ्यान्‌पिढ्या वाढताना त्यांच्यात बारीक बारीक खुणा पडतात. दोन माणसांचे जंतू जुळले तर समजायचं, आजार एकाच वाटेनं आलाय. वाट कळली तर पुढच्याला वाचवता येतं."

"कोकरू बघून आमी सांगतो कोणत्या मेंढीचं, तसं का?"

त्या थांबल्या. "तसंच. तुम्ही कसं ओळखता?"

"कान, नाकाचा बाक, कपाळावरचा ठिपका. हजारात ओळखू येतं."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल," त्या हसून म्हणाल्या.

मी लगेच नमुना दिला. कानाच्या पाळीला बारीक चीर, दुसरी चट्ट्याला. का दिला ते खरं सांगतो. मला वाटलं, आत्याचा जंतू आणि माझा जंतू जुळतील, आणि तिला घालवलं ते बरोबर होतं असं कागदावर येईल. मला त्या कागदाची गरज होती. झोप यायची बंद झाली होती.

"माझ्या आत्याचं पण तपासा," मी म्हटलं.

"तपासू. आणि घरातल्या सगळ्यांचं."

आबांचे कान

आबांचं तोंड साठीतसुद्धा तुकतुकीत. सुरकुती नाही. लोक म्हणायचे, मेंढीच्या दुधाचं तेज हाय. कानाच्या पाळ्या जाड, लोंबत्या. आई थट्टेनं म्हणायची, देवळातल्या मूर्तीवाणी कान हायत आमच्या मालकाचे. भुवया विरळ झाल्या होत्या. अंगावर चट्टा एकही नाही.

सलीमभाई घरच्यांना तपासायला आले आणि आबांना बघून त्यांचं बोलणं मधेच थांबलं.

"आबा, तुमच्या कानातून जरासं घ्यावं लागंल."

"माझ्या? माझं तोंड बघ आणि तुझं बघ. आजारी कोण दिसायलंय?"

"मी दिसायलोय," सलीमभाई म्हणाले. "तरी घ्यावं लागंल."

आबांनी काठी उचलली. पुढच्या आठवड्यात सलीमभाई पुन्हा आले. पुन्हा काठी. कधी ते नुसते मेंढरांचे भाव विचारून गेले. एकदा आबा म्हणाले, "तुला दुसरं गाव न्हाई का रे?" तर म्हणाले, "लय हायत. पण चहा हितलाच चांगला." आठव्यांदा आले तेव्हा आबांच्या पायाला चटका बसून फोड आला होता आणि आबांना पत्ता नव्हता. चुलीजवळ बसले होते, लाकूड सरकलं, कळलंच नाही. सलीमभाईंनी फोडाकडं बोट दाखवलं. आबांनी बोटानं फोड दाबून बघितला. मग कान पुढं केला.

निकाल

निकाल यायला आठ-नऊ महिने गेले. मॅडमनी आम्हा दोघांना परभणीला बोलावलं. आधी आबांना विचारलं, "हे तुमचं खासगी आहे. मुलासमोर सांगू का?" आबांनी होय म्हणून मान हलवली.

आत्या कुठं आहे ते सलीमभाईंनी शोधून काढलं होतं. ज्या दवाखान्यात तिचा तरुणपणी इलाज झाला, तिथल्याच वस्तीत ती परत गेली होती. तिथं तिला तपासलं. तिच्या अंगात जंतूच नव्हता. कूळ लावायला काही निघालंच नाही.

आबांच्या अंगात लय होते. आणि आबांचा जंतू आणि माझा जंतू एका कुळाचे होते, खुणेला खूण लागत होती.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. माझ्या शेजारी आबा बसले होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते हात एकदम कुण्या म्हाताऱ्याचे दिसायला लागले.

"म्हणजे मीच दिला पोराला?" आबांनी विचारलं.

"असं यातून सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "कूळ एक आहे एवढंच कळतं. सेलूकडच्या आणखी एका पेशंटचा जंतूही याच कुळातला आहे. कुणाकडून कुणाला, की तिघांनाही चौथ्याकडून, ते चाचणी सांगत नाही. आणि आबा, तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसताना गुन्हा होत नाही."

मी मनात म्हटलं, बरोबर आहे. सारखी दोन कोकरं दिसली म्हणून आधी कोणतं जन्मलं ते काही कळत नाही. पण एक कळलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. आत्याचा त्यात कुठंच संबंध नव्हता. आबांना माहीत नव्हतं हेही खरं. मला माहीत होतं. मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दिवशी जेवायच्या वेळी आबांनी आपलं ताट उचललं आणि आत्याच्या छपरात जाऊन बसले. आई मागं गेली.

"ताट घेऊन कुठं बसलाव? आत चला."

"सोनीला हितंच बसवलं व्हतं की आपण."

"तिला बसवलं ते चुकलंच. तुमी बसलाव म्हणून ते बरोबर व्हत न्हाई."

आबा उठले नाहीत. मग आईनं आपलं ताट आणलं आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. दोघं तिथंच जेवली.

सकाळी मी म्हटलं, "गावात सांगू या का आबा? आत्यामुळं न्हाई झालं म्हणून?"

आबांनी घाबरून इकडंतिकडं बघितलं. माझ्या बापाला मी तसं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. "मग कुणामुळं झालं म्हणतील? काय सांगशील? माझं कळलं तर आपली मेंढरं कोण बसवून घेईल वावरात? सांग, कोण रान देईल?"

त्यांचं खोटं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या की पसरत नाही, हे आमच्या घराला पटायलाच इतके दिवस गेले. वावरवाल्याला एका वाक्यात कसं कळावं? गावात अजून असंच म्हणतात, सोनीनं पोराला लावलं. वाण्याच्या दुकानात म्हणतात, पाणवठ्यावर म्हणतात. मी तिथं उभा असतो आणि मीठ घेऊन परत येतो.

भेट

बोटांच्या ऑपरेशनला कुठं पाठवायचं विचारलं तेव्हा सलीमभाईंनी याच दवाखान्याचं नाव सांगितलं. वर म्हणाले, "दोन कामं होतील." मला कळलं. एवढ्या लांब मी कधी आलो नव्हतो, पण भीती त्याची नव्हती.

आत्या वस्तीच्या स्वयंपाकघरापुढं बायकांच्या घोळक्यात डाळ निवडत होती. जाड झाली होती जराशी, एका पायाला जखमेची पट्टी होती. मला आधी एका दुसऱ्याच बाईनं बघितलं.

"सोना, भाचा का गं हा तुझा? विळ्याला न भिणारा वाघ?"

"हाच तो," आत्या म्हणाली. "आता ऑपरेशनला भिऊन आला असंल. ये, बस. जेवलास का?"

मी तिच्या पायाशी बसलो. सगळं सांगितलं. दवाखान्यात सलीमभाई काय म्हणाले होते आणि मी घरी काय सांगितलं नाही, तेही. तिचा हात डाळीवर थांबला. पहिला प्रश्न तिनं वेगळाच विचारला.

"भावाचे डोळे मिटतात का नीट? झोपताना उघडे राहायले तर सांग डॉक्टरला. डोळा लवकर जातो यात."

"मिटतात."

"बरं." मग डाळीतला खडा वेचून टाकत म्हणाली, "त्याचे कान मला ठाव व्हते, किसना. पाच वर्षं बघायले मी. एकदा म्हणलं, भाऊ, जरा दाखवून ये. चार दिवस बोलणं टाकलं त्यानं माझ्याशी. पुन्हा तोंड उघडलं न्हाई मी. त्याच घरातून भाकरी येत व्हती ना. म्हणून तुझा हात बघितला तेव्हा म्हणलं, आता गप बसायचं न्हाई. तुझा कसूर गप बसायचा, माझा पण तोच. फिट्टंफाट झाली."

"न्हाई झाली आत्या. चल घरी. आई वाट बघायलीय."

"घरी कशाला? हितं माझं ताट कुठं मांडायचं ते कुणी विचारत न्हाई. कुठं बी मांडते."

"मग निदान गावात सगळ्यांना सांगतो मी, तुझ्यामुळं न्हाई झालं म्हणून."

आत्यानं सुपातली डाळ बाजूला ठेवली. "खबरदार. माझं नाव गेलंय ते गेलंय, मला त्याची सवय हाय. भावाचं पण घालवून मेंढरं काय आभाळात बसवशील? तो हाय तवर एक शब्द बोलायचा न्हाई. शपथ घे."

मी शपथ घेतली.

ऑपरेशनला दोन महिने झाले. प्लॅस्टर निघाल्यापासून आत्या रोज दुपारी येते, माझा हात मांडीवर घेते आणि तेल लावून एक एक बोट सरळ करते. तिची स्वतःची बोटं कधीच सरळ होणार नाहीत. तळहाताच्या कडेनं चोळते. "इनामदार झालास की, सेवा करून घ्यायलास," म्हणते. कालपासून माझी करंगळी थोडी हलायला लागली. तिला आधी दिसलं, मला नंतर.

नवीन आलेल्या माणसाला माझं सांगणं एवढंच आहे. गोळ्या सोडू नका, घरच्यांना तपासायला न्या. आणि कुणामुळं झालं असं कुणी विचारलं, तर माणसाकडं बोट करू नका. मी केलं होतं.

आता आत्यासाठी लिहितो. तिला वाचता येत नाही आणि मी हे वाचून दाखवणार नाही.

आत्या, शपथ पाळतो. पण घरी गेल्यावर आबांनाच विचारीन, तुमी स्वतः सांगता का म्हणून. ते न्हाई म्हणतील. दर दसऱ्याला, कळप हलवायच्या आधी विचारीन. ते न्हाईच म्हणत राहिले, तर ज्या दिवशी ते नसतील, त्यांच्या तेराव्याला सगळे पाहुणे आणि सगळे वावरवाले आमच्या अंगणात बसलेले असतील, त्या दिवशी मी उठून उभा राहीन आणि सांगीन. पोरानं लिहावं असं हे वाक्य नाही. तरी लिहून ठेवतो, कारण लिहिलं नाही तर मी पुन्हा गप्प बसेन, मला माझी खात्री नाही. तोवर तू असशील का, ते मला ठाऊक नाही. तुझ्या पायाची जखम भरत नाही, हे मी रोज बघतो. तू असलीस तर हे देणं तुझ्यासमोर फेडीन. नसलीस तरी फेडीन.